सुभेदार मुंबईत, बटण सोनगीरला

खानदेशावर दुरून राज्य करण्याची प्रथा फार जुनी आहे. फारुकींचा मलिक राजा निदान तापीकाठी थाळनेरला राहत होता. त्याच्या मुलाने बऱ्हाणपूर वसवलं आणि कारभार तिकडे नेला. 1601 साली असीरगड पडला आणि हुकूम आग्र्याहून येऊ लागले. पुढे ते पुण्याहून आले, आणि 1818 नंतर पुण्यात एल्फिन्स्टन, धुळ्यात कॅप्टन ब्रिग्ज अशी दोन मजली व्यवस्था झाली. धुळ्याच्या उत्तरेला सुमारे 20 किलोमीटरवर आग्रा रस्त्यालगत सोनगीर आहे. राज्य कुणाचंही असो, खलिता याच वाटेने जायचा. आज त्या वाटेचा चौपदरी महामार्ग झाला आहे, खलिता तारेतून जातो, आणि सुभेदार मुंबईच्या एखाद्या थंडगार खोलीत बसून सोनगीरच्या कचेरीतल्या संगणकावर राज्य करतो. या पदाला हल्ली सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. जुन्या सुभेदारांपेक्षा त्याचे अधिकार कितीतरी मोठे आहेत. अकबर बादशहाला खानदेशातल्या किल्लेदाराच्या भिंतीवर काय टांगावं हे ठरवता येत नव्हतं. याला सोनगीरच्या कारकुनाच्या स्क्रीनवर कुठलं चित्र दिसावं हे ठरवता येतं, आणि कारकुनाने तिथे नातीचा फोटो लावला तर तो उतरवताही येतो. माझं म्हणणं एवढंच, की हा सगळा अफाट अधिकार शेवटी एका बटणापाशी येऊन थांबतो, ते बटण सोनगीरला असतं, आणि ते दाबणाऱ्या माणसाचं नाव सुभेदाराच्या दप्तरात नसतं. संगणकांचा दुरून चालणारा कारभार प्रत्यक्षात जवळच्या माणसाच्या हातांनी चालतो. दुरून होतो तो त्याचा अहवाल.

ज्यांच्या वाट्याला ही व्यवस्था आलेली नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडं सांगायला हवं. 2000 सालच्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने विंडोज 2000 सर्व्हरबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी नावाचं एक दप्तर बाजारात आणलं. एखाद्या बँकेच्या किंवा कंपनीच्या सगळ्या शाखांतला प्रत्येक कर्मचारी, प्रत्येक संगणक, प्रत्येक प्रिंटर यांची नोंद त्यात होते, आणि नोंद झाली की तो त्या दप्तराच्या हद्दीचा, म्हणजे डोमेनचा, रहिवासी ठरतो. संगणकाचं नाव 15 अक्षरांत बसवावं लागतं, त्यामुळे जिल्हा, गाव, शाखा आणि टेबल क्रमांक हे सगळं कोंबून ‘डीएचएलएसएनजीआरपीसी03’ असलं काहीतरी बारसं होतं आणि टेबलावरच्या माणसाला स्वतःच्या संगणकाचं नाव निवृत्त होईपर्यंत पाठ होत नाही. संगणकालाही स्वतःचा पासवर्ड असतो. तो दर 30 दिवसांनी आपला आपण बदलतो, कुणाला सांगत नाही, की-बोर्डखाली चिठ्ठीवर लिहूनही ठेवत नाही. शिस्तीच्या बाबतीत यंत्र माणसाच्या पुढे गेलं आहे म्हणतात ते निदान इथे तरी खरं आहे. आणि हुकूम? त्याची गंमत अशी की सुभेदार तो पाठवतच नाही. तो हुकूम लिहून सर्व्हरवर ठेवतो. सोनगीरचा संगणकच दर 90 मिनिटांनी, अधिक शून्य ते 30 मिनिटांत मनाला येईल तेवढा उशीर करून, ‘काय आज्ञा?’ म्हणून विचारायला जातो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे, सगळे संगणक एकाच वेळी दारात येऊन उभे राहू नयेत म्हणून. इतका नम्र मामलेदार इतिहासात कुठल्याच राजवटीला मिळाला नसेल. पण या नम्रतेला एक अट आहे. विचारायला जाण्यासाठी संगणक आधी चालू पाहिजे, आणि त्याची तार खोचलेली पाहिजे.

हीच अट साऱ्या शास्त्राला पुरून उरते. दुरून संगणक सुरू करण्याची सोय नाही असं नव्हे. ‘वेक ऑन लॅन’ नावाची एक युक्ती आहे: झोपलेल्या संगणकाच्या दिशेने 102 बाइटांचं एक पुडकं फेकायचं, त्यात आधी सहा ठरावीक बाइट आणि मग त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता ओळीने 16 वेळा. नाव घेऊन 16 हाका मारल्यावर कुठलाही सज्जन संगणक उठतो. मात्र त्यासाठी त्याच्या कार्डापर्यंत थोडी वीज पोचत असली पाहिजे. संध्याकाळी झाडू मारून झाल्यावर वीज वाचवावी या शुद्ध हेतूने शिपायाने भिंतीवरचं बटण बंद केलेलं असेल, तर 16 काय, 16 हजार हाका मारल्या तरी तिकडे कोणी हूं म्हणत नाही. मग सुभेदार आपली सगळी शस्त्रं बाजूला ठेवतो आणि जगातलं सर्वांत जुनं दूरस्थ साधन हातात घेतो, म्हणजे फोन करतो. पलीकडून ‘चालस नई भाऊ’ असा अहवाल येतो. इकडून विचारणा होते, लाइट आहे का? ‘शे ना.’ मागची तार खोचली आहे का? थोडी शांतता, टेबल सरकवल्याचा आवाज, आणि मग ‘हा, आते शे.’ संगणक सुरू होतो. मुंबईच्या नोंदवहीत ‘दूरस्थ पद्धतीने निराकरण’ असा शेरा पडतो आणि महिनाअखेरच्या तक्त्यात एक हिरवा चौकोन वाढतो. टेबलाखाली वाकून कोळिष्टकं अंगावर घेतलेल्या माणसासाठी त्या तक्त्यात रकाना नसतो.

संगणकाचा जाणकार यावर हसून म्हणेल की तार निघणं हा काही शास्त्राचा दोष नव्हे. कबूल. पण शास्त्राने स्वतः निर्माण केलेल्या अडचणींचीही शेवटची पायरी तीच असते. दुरून सर्व्हरवर काम संपवताना ‘लॉग ऑफ’ऐवजी ‘शट डाउन’वर टिचकी मारणं हा या धंद्यातला सनातन अपघात आहे; क्षणात पडदा काळा होतो आणि मग सर्व्हरशेजारी कोण बसतं याची चौकशी सुरू होते. त्याहून सरस प्रकार म्हणजे नेटवर्कचा बिघाड शोधता शोधता ज्या नेटवर्क कार्डातून आपण आत आलो तेच बंद करणं. शेखचिल्ली बसलेली फांदी तोडत होता तेव्हा निदान त्याच झाडावर होता. हा 300 किलोमीटरवरून तोडतो. अशा वेळी बंद केलेलं कार्ड पुन्हा चालू करण्याचा हुकूम देता येतो, पण तो पोचवायला वाट उरलेली नसते. तिथे पुन्हा सोनगीरचा माणूस. सोनगीरच्या तांबटांना कधी कुणी दुरून ठोके देऊन हंडा घडवा म्हटलं नाही, आणि तांब्या-पितळेची भांडी तिथे पिढ्यान्‌पिढ्या नीट होत आली. संगणकाच्या बाबतीत मात्र हात लावल्याशिवाय सगळं होतं अशी समजूत रूढ झाली, कारण हात लावणारा माणूस बोलला नाही.

तो एकदा जगभर बोलला, त्याची तारीख 19 जुलै 2024. शुक्रवार होता. भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी, म्हणजे कचेऱ्यांत उदबत्ती लागून चहा यायच्या बेताला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक छोटी फाइल दुरूनच धाडली. फाइल सदोष होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणक निळे पडून मान टाकून बसले. सुरू व्हायचे, पुन्हा कोसळायचे. कंपनीने चूक 78 मिनिटांत मागे घेतली, हे तिच्या चपळाईला शोभलं. पण जे संगणक आधीच पडले होते ते नवा हुकूम विचारायला जाणार कसे? त्यांतल्या बहुतेकांसाठी उपाय एकच होता: माणसाने संगणकासमोर बसायचं, तो सेफ मोडमध्ये सुरू करायचा आणि ती फाइल हाताने पुसायची. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून मिळाले. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की देशातल्या 10 बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला, बाकीच्यांचं निभावलं. जगातल्या सर्वांत आधुनिक दूरस्थ व्यवस्थेने घातलेला घोळ जगातल्या सर्वांत प्राचीन पद्धतीने, टेबलागणिक फिरून, निस्तरला गेला.

त्यातही एक गाठ होती. चोरी झाली तरी माहिती सुरक्षित राहावी म्हणून पुष्कळ संगणकांच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं. असा संगणक आडवळणाने सुरू केला की तो 48 आकडी किल्ली मागतो. ती किल्ली कुठे असते? डोमेनच्या दप्तरात. आणि काही ठिकाणी दप्तराचा सर्व्हरही निळा पडून शेजारीच झोपलेला. किल्ली मिळाली तरी ती 48 आकड्यांची, सहा-सहा आकड्यांचे आठ गट, फोनवरून सांगायची. ही किल्ली रचणाऱ्याने मात्र माणसाचा विचार केला होता: प्रत्येक सहा आकडी गटाला 11 ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर तो गट तिथल्या तिथे नाकारला जातो आणि सगळं मुळापासून म्हणावं लागत नाही. साऱ्या व्यवस्थेत टेबलापाशी बसलेल्या माणसाची अशी कदर करणारा मला हा एकच गणिती दिसला. पासवर्ड घडवणाऱ्यांना ती सद्‌बुद्धी झाली नाही. प्रत्येक संगणकाच्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आपोआप बदलून डोमेनच्या दप्तरात ठेवणारी ‘लॅप्स’ नावाची सोय आहे. तिने बनवलेला 14 अक्षरी पासवर्ड खराब रेंजमध्ये ऐकवणं हा स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. ‘मोठा एम, मुंबईचा, मग डॉलर, मग छोटा एन, नंदुरबारचा, मोठा नाही, छोटा.’ नंदुरबार 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे त्याला कुणी छोटा म्हटलं की पलीकडचा माणूस आधी त्याच मुद्द्यावर अडतो.

इथे एक रास्त हरकत येते. असे प्रसंग वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायचे. एरवीचे दिवस व्यवस्था आपोआप चालते, मग एका शुक्रवारावरून निकाल का द्यावा? मला उलट वाटतं. मोठ्या अपघातात माणसाची गरज निदान सर्वांना दिसते. रोजच्या कारभारात ती दिसतही नाही. उदाहरणार्थ प्रिंटर. 2021 साली विंडोजच्या छपाई व्यवस्थेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं मोठं भगदाड सापडलं. ते बुजवताना मायक्रोसॉफ्टने त्याच ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार सक्तीचा केला. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. परिणाम असा की काल जो कारकून नवा प्रिंटर स्वतः जोडत होता तो आज मुंबईला फोन लावतो. सुभेदार दुरून ड्रायव्हर बसवतो, चाचणीचं पान पाठवतो आणि विचारतो, आलं का? अडकलेला कागद मात्र सुभेदाराला दुरून ओढता येत नाही. म्हणजे आपण कारकुनाकडून सोपं काम काढून घेतलं आणि हात काळे करणारं त्याच्याकडे ठेवलं. वाटणीची ही पद्धत खानदेशात नवी नाही.

किंवा घड्याळ घ्या. डोमेनमध्ये ओळख पटवण्याची केर्बेरॉस नावाची जी पद्धत आहे तिला सर्व्हरच्या आणि संगणकाच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक सहसा चालत नाही. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेली, त्यात रात्री वीज गेली, की सकाळी घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं आणि लॉगिन अडू शकतं. ज्या देशात लग्नपत्रिकेवर मुहूर्त मिनिटापर्यंत छापून अक्षता तासाभराने पडतात तिथे ही पाच मिनिटांची अट कुणाच्या डोक्यातून निघाली असेल ते असो. ती बॅटरी काही रुपयांची असते. ती कुठल्याही डोमेनमधून, कुठल्याही आज्ञेने, कितीही मोठ्या पगाराच्या माणसाला दुरून बदलता येत नाही. पासवर्ड दर काही आठवड्यांनी बदला हा हुकूमही असाच. अमेरिकेच्या मानक संस्थेने 2017 साली स्वतःच सांगितलं की विनाकारण ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, माणसं शेवटचा आकडा वाढवून मोकळी होतात. ही गोष्ट सोनगीरच्या कारकुनाला त्याच्या किती तरी आधीपासून ठाऊक होती. त्याला कुणी विचारलं नाही एवढंच.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जवळच्या माणसाच्या हातात अधिकार दिले की तो पेन ड्राइव्हमधून पिक्चर आणतो, पत्ते खेळण्याचं सॉफ्टवेअर बसवतो आणि एक दिवस सगळ्या शाखांना रोग लावतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा त्याच्यावरचं औषध मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच, दोन महिने आधी, देऊन ठेवलं होतं; ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते बुडाले. केंद्रातून सक्तीने औषध पाजण्याची सोय असती तर त्यांतले पुष्कळ वाचले असते. या युक्तिवादाला माझी पूर्ण मान्यता आहे. प्रत्येक गावाने आपापला संगणक आपापल्या मर्जीने चालवावा असं मी म्हणत नाही. ते झालं तर महिनाभरात सगळीकडे चार-चार अँटिव्हायरस एकमेकांना पकडत बसलेले दिसतील. पण केंद्र सुरक्षित आणि गाव धोक्याचं ही विभागणी खरी नाही, आणि त्याचा पुरावा वॉनाक्रायनंतर सहाच आठवड्यांनी मिळाला.

27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून निघाला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला. त्याची झळ थेट आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात पोचली. तिथलं मर्स्कच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. हा व्हायरस पसरला तो बऱ्याच अंशी ॲडमिनिस्ट्रेटरच्याच वाटांनी आणि त्याच्याच किल्ल्यांनी: सुभेदार ज्या साधनांनी दूरच्या संगणकावर हुकूम बजावतो तीच त्याने उचलली. मर्स्ककडे डोमेनच्या दप्तराच्या जगभरात सुमारे 150 प्रती होत्या, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्या सगळ्या एकमेकींशी इमानाने जोडलेल्या असल्यामुळे सगळ्या एकदमच पुसल्या गेल्या. एक सोडून. घानामधल्या कचेरीतली प्रत वाचली, कारण व्हायरस आला तेव्हा तिथली वीज गेलेली होती आणि तो सर्व्हर नेटवर्कच्या बाहेर पडला होता. गेलेल्या विजेने एका जागतिक कंपनीचं दप्तर वाचवलं! खानदेशातल्या शेतकऱ्याने रात्री-बेरात्री मोटर चालू करायला उठताना वीज मंडळाबद्दल जे उद्गार काढले असतील त्यांतले थोडे परत घ्यावेत असा हा प्रसंग आहे. पुढचा भाग त्याहून चांगला. घानाची लाइन इतकी मंद की ती प्रत दुरून ब्रिटनला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. मग माणूस पाठवायचं ठरलं, तर घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी एकाने ती हार्ड डिस्क विमानाने नायजेरियाला नेली, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली, आणि त्या दुसऱ्याने ती लंडनला पोचवली. त्यावर पुढे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक पुन्हा उभे राहिले. दूरस्थ व्यवस्थापनाची सगळी कला संपली तेव्हा कामाला आली ती हरकाऱ्याची डाक.

ढगाची गोष्ट काढणारेही भेटतात. आता सगळं क्लाउडवर जाईल, गावात फक्त पडदा आणि की-बोर्ड राहील, मग हा प्रश्नच उरणार नाही, असं ते म्हणतात. पण दूरच्या सर्व्हरवर विसंबलेल्यांचं काय होतं ते बघा. जुलै 2024 च्या अखेरीस छोट्या बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून तिला देशाच्या पैसे देण्याघेण्याच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडावं लागलं. बातम्यांनुसार सुमारे 300 सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार अडले. त्या बँकांच्या संगणकांना, तारांना, बटणांना काहीही झालं नव्हतं. खिडकीपाशी उभ्या शेतकऱ्याला मात्र तेच वाक्य ऐकावं लागलं असेल जे महाराष्ट्रात सातबाऱ्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळीकडे ऐकावं लागतं: सर्व्हर डाउन आहे. आणि हे वाक्य शेतकऱ्याच्या तोंडावर कोण म्हणतो, शिव्या कोण खातो? सुभेदार खात नाही. त्याचा चेहरा गावाने पाहिलेलाच नाही. सुभेदार जितका दूर जाईल तितकं गावातल्या माणसाचं काम वाढतं. आधी तो फक्त बटण दाबत होता, आता खुलासेही करतो.

उरली खर्चाची हरकत. गावोगाव संगणकाचा इंजिनिअर बसवणं परवडणार नाही. इंजिनिअर कोण मागतंय? माणूस आधीच तिथे आहे आणि कामही आधीच करतो आहे. आपल्या ग्रामपंचायतींचंच बघा. 2011 मध्ये ‘संग्राम’ प्रकल्प आला आणि गावोगाव संगणक परिचालक नेमले गेले. पुढे प्रकल्पाचं नाव बदललं, ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झालं, पण खुर्चीवरचा माणूस बहुधा तोच राहिला. दाखला त्याच्या हातून निघतो, घरपट्टीची नोंद त्याच्या हातून होते, रेंज नसली तर रेंज शोधत तोच फिरतो. या परिचालकांनी मानधनासाठी आणि आम्हाला ग्रामपंचायतीचे कर्मचारी म्हणा एवढ्या मागणीसाठी आझाद मैदानावर किती वेळा ठाण मांडलं! ज्याच्या बोटावर डिजिटल महाराष्ट्र चालतो त्याचं स्वतःचं नाव हजेरीपटावर नाही. डोमेनमधल्या कचेऱ्यांत हीच अवस्था जरा सभ्य वेशात असते: तिथे त्याला शिपाई, सफाईवाली, कंत्राटी ऑपरेटर किंवा ‘जरा त्या पोराला फोन द्या’ असं म्हणतात.

गंमत अशी की व्यवस्था बनवणाऱ्यांना हे सगळं माहीत होतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पहिल्यापासून अशी सोय आहे की एखाद्या शाखेपुरता, एवढ्याच कामाचा अधिकार एखाद्याच्या नावावर सोपवता येतो. सोनगीरच्या शाखेतल्यांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचे, बाकी कशालाही हात लावायचा नाही, इतका नेमका अधिकार चार टिचक्यांत देता येतो. 2008 च्या विंडोज सर्व्हरपासून तर दूरच्या शाखेसाठी दप्तराची फक्त वाचण्यापुरती प्रत ठेवण्याची सोय झाली. ती चोरीला गेली तरी मूळ दप्तरात कुणी खाडाखोड करू शकत नाही, आणि त्या सर्व्हरची देखभाल शाखेतल्याच एकाला, बाकीच्या डोमेनचे कुठलेही अधिकार न देता, सोपवता येते. मायक्रोसॉफ्टने सिॲटलजवळ बसून सोनगीरचा विचार केला. मुंबईत तो पुष्कळदा होत नाही. याचं कारण सुरक्षा नाही. सुरक्षेची काळजी असती तर एकच सर्वाधिकारी खातं चार जणांत वाटून वापरण्याची चाल कुठेच दिसली नसती. कारण अधिकाराची गोडी हेच आहे, आणि ती मलिक राजाच्या काळापासून बदललेली नाही.

तेव्हा सुभेदारांना एक विनंती. तुमच्या दप्तरात प्रत्येक संगणकाच्या नोंदीत ‘लोकेशन’ आणि ‘मॅनेज्ड बाय’ असे दोन रकाने आहेत. बहुतेक ठिकाणी ते कोरे असतात, क्वचित कुठे दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्याचं नाव असतं. पुढच्या वेळी सोनगीरला फोन करून ‘जरा मागची तार बघा’ म्हणाल तेव्हा तार बघणाऱ्याचं नाव विचारा, पहिल्या रकान्यात टेबल कुठल्या खिडकीपाशी आहे ते लिहा, दुसऱ्यात त्याचं नाव लिहा, आणि पासवर्ड बदलून देण्याएवढा अधिकार त्याच्या खात्याला द्या. या कामाला दहा मिनिटं पुरतात, परवाना लागत नाही, आणि ते मुंबईत बसल्या बसल्या खरोखरच दुरून होतं.